एका पत्त्यावरचे दोन अर्ज

धाकट्या मालकांनी कारखान्याची वेबसाइट काढली नसती, तर हिशेबनीस निवृत्त होईपर्यंत मुख्य हिशेबनीसच राहिले असते आणि कुणाच्या पोटात दुखलं नसतं. पण धाकटे मालक कुठल्याशा दोन दिवसांच्या शिबिराला जाऊन आले, आणि शिबिराहून आलेला माणूस निदान महिनाभर तरी गप्प बसत नाही. कारखान्यात दुकानांची लोखंडी शटरं बनायची. शटरवाल्यांना वेबसाइट कशाला, असं थोरल्या मालकांनी विचारून पाहिलं. पण थोरल्यांना हल्ली कमी ऐकू यायचं, आणि कारखान्यात त्यांचंही हल्ली कमीच ऐकलं जायचं.

वेबसाइटवर प्रत्येकाचा फोटो, फोटोखाली हुद्दा आणि हुद्द्याखाली पदवी, असा बेत होता. हिशेबनिसांनी फोटोसाठी चष्मा काढून ठेवला होता, त्यामुळे फोटोत ते कुणीतरी एकाएकी हाक मारल्यासारखे दिसत होते. तेही चाललं असतं. अडलं ते खालच्या ओळीत.

"काका, इथे काय लिहू?" धाकट्या मालकांनी विचारलं.

"लिहा की, एकोणतीस वर्षं."

"तो अनुभव झाला. पदवी?"

"मग अनुभवाच्या रकान्यात लिहा."

"अनुभवाचा रकाना नाहीये, काका."

हिशेबनिसांनी शाळा संपवली आणि ते थेट नोकरीला लागले होते. इतकी वर्षं ही गोष्ट कुणी उकरली नव्हती, कारण त्यांच्या वह्यांमध्ये उकरण्यासारखं काही सापडत नसे. एका वर्षी ताळेबंदात अकराचा फरक आला होता, तेव्हा ते तीन दिवस जेवले नव्हते. चौथ्या दिवशी फरक सापडला तेव्हा त्यांनी घरी जाऊन आधी आंघोळ केली आणि मग बायकोला सांगितलं. अशा माणसाच्या फोटोखालची ओळ मोकळी राहणार होती.

"असं करू," धाकटे मालक समजुतीच्या सुरात म्हणाले. "संध्याकाळच्या कॉलेजात हिशेबशास्त्राची पदवी आहे. तुम्ही नुसता प्रवेश घ्या, मी 'शिक्षण चालू' असं टाकतो. नाहीच जमलं, तर मग हुद्दा 'सहायक' करावा लागेल. पगार तोच, हं."

'पगार तोच' हे ऐकून हिशेबनिसांच्या काळजाला घरं पडली. पगार कमी करतो म्हणाले असते, तर भांडता तरी आलं असतं.

संध्याकाळचं कॉलेज बसने पाच थांबे दूर होतं. तिथलं माहितीपत्रक चौसष्ट पानांचं होतं आणि विकत होतं. हिशेबनिसांनी ते घरी आणलं, जेवणाचं टेबल पुसून घेतलं आणि हातात लाल पेन्सिल घेऊन वाचायला बसले. प्रवेशाच्या अटी नवव्या पानावर होत्या. शाळेच्या शेवटच्या परीक्षेत एकूण निम्मे गुण. गणितात शंभरपैकी निदान पंचेचाळीस. शाळा सोडून दोन वर्षांहून जास्त काळ लोटला असल्यास मधल्या काळात आपण काय करत होतो याचं प्रतिज्ञापत्र. नावात बदल असल्यास त्याचा पुरावा. पंचविशी ओलांडलेल्यांसाठी कामाच्या अनुभवाचा दाखला.

"गणितात किती होते तुम्हाला?" बायकोने विचारलं. ती सकाळी एका चष्म्याच्या दुकानात काउंटरवर बसायची आणि दुपारी दोनला घरी यायची. आत्ता ती इस्त्री करत होती.

"एकोणपन्नास," हिशेबनीस म्हणाले. "पेपर कठीण होता त्या वर्षी."

अटींमध्ये आपण बसतो असं पाहून त्यांनी पान उलटलं, आणि दहाव्या पानावर त्यांचा घात झाला. तिथे अर्जाची फी दिली होती. एका अर्जाला बाराशे. त्याखाली चौकटीत, ठळक अक्षरांत, 'कुटुंब योजना' होती: एकाच पत्त्यावरून दोन अर्ज एकत्र आल्यास दोन्ही मिळून एक हजार.

हिशेबनिसांनी चष्मा पुसून ते पुन्हा वाचलं. एकाला बाराशे आणि दोघांना हजार. बहुधा कॉलेजला अर्जांचा आकडा फुगवून कुणाला तरी दाखवायचा असावा. पण कॉलेजचा हेतू काहीही असो, दोनशे समोर पडले होते आणि ते न उचलता पुढे जाणं हिशेबनिसांच्या रक्तात नव्हतं.

"अगं," ते म्हणाले, "तुझ्या नावानेही एक अर्ज टाकतो."

इस्त्री थांबली. "माझ्या? कशाला?"

"नुसता अर्ज गं. दोनशे वाचतात."

बायकोने शर्टाची कॉलर उलटी केली, तिच्यावरून इस्त्री फिरवली, पुन्हा सुलटी केली. मग म्हणाली, "टाका."

इथे शेजाऱ्यांची ओळख करून द्यायला हवी, कारण त्यांनी ती हिशेबनिसांना दुसऱ्याच दिवशी नव्याने करून दिली. वरच्या मजल्यावर एक निवृत्त मुख्याध्यापक राहत. त्यांना सगळी इमारत 'सर' म्हणायची आणि जिन्यात त्यांना आधी वर जाऊ द्यायची. खालच्या मजल्यावर काकू राहत. सकाळी भाजीची पिशवी घेऊन परतताना बायको काकूंपाशी दोन मिनिटं थांबली, आणि संध्याकाळपर्यंत जिन्यातल्या प्रत्येक पायरीला ही बातमी कळली होती.

"मला विचारा," काकू दारातच म्हणाल्या. "आमच्या मुलाने हीच पदवी सात वर्षं केली. त्यामुळे मला सगळं माहीत आहे. पहिलं वर्ष कठीण असतं. तो तीनदा बसला होता पहिल्या वर्षाला."

सरांनी मात्र हिशेबनिसांना वर बोलावून घेतलं आणि खुर्ची असूनही स्वतः उभं राहून मार्गदर्शन केलं. "अर्ज निळ्या शाईने भरा. काळ्या शाईचा अर्ज झेरॉक्ससारखा दिसतो. आणि प्रतिज्ञापत्रात 'मी' कमी वापरा. 'सदर अर्जदार' म्हणा. त्याने वजन येतं."

हिशेबनिसांनी दोन्ही अर्ज निळ्या शाईने भरले. 'मधल्या काळात काय करत होता' या प्रश्नाला त्यांनी स्वतःसाठी 'सदर अर्जदार हिशेब करीत होता' असं लिहिलं आणि त्यांना ते बरंच वजनदार वाटलं. बायकोच्या अर्जात त्याच प्रश्नापाशी ते अडले.

"मधल्या सव्वीस वर्षांत तू काय करत होतीस?" त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं.

मग बायको ओले हात पुसत बाहेर आली आणि नवऱ्याकडे पाहत उभी राहिली. हिशेबनिसांनी घाईघाईने 'घरकाम व नोकरी' असं लिहून टाकलं. या लग्नात एकमेकांना न बोलता समजून घेण्याचे जे काही थोडे प्रसंग आले, त्यातला हा एक.

प्रवेशाच्या खिडकीवर एक बाई बसायच्या. त्यांच्यासमोर शिक्क्यांचं एक गोल झाड होतं आणि ते फिरवून त्या न बघता हवा तो शिक्का काढायच्या. त्यांनी हजार घेतले, पावती दिली, दोन्ही अर्ज एका टाचणीने जोडले आणि बायकोच्या अर्जावर बोट ठेवलं.

"ह्यांची गुणपत्रिका?"

"ती नाहीये. म्हणजे त्यांचं तसं काही... ते नुसतंच आहे," हिशेबनीस म्हणाले.

"नुसतंच म्हणजे?"

"आम्ही फक्त माझ्याच अर्जाचा विचार करतोय."

"हा जोड-अर्ज आहे," बाई म्हणाल्या. "दोन्ही पूर्ण, तर दोन्ही आत. एक अपुरा, तर दोन्ही बाद."

"मग त्यांचा अर्ज काढून घेतो. वरचे दोनशे भरतो."

"टाचणी लागली," बाई म्हणाल्या, आणि शिक्का मारला.

अशा रीतीने वाचलेल्या दोनशेंनी आपला खर्च सुरू केला. बायकोची गुणपत्रिका एका घरबदलीत हरवली होती. नवी काढायला तिच्या शाळेत जाणं भाग होतं, आणि शाळा बसने चार तासांवर होती. हिशेबनिसांनी रजा टाकली. बसमध्ये त्यांनी खिशातल्या छोट्या वहीत नवं पान उघडून वर 'दोनशेची बचत' असं लिहिलं आणि खाली पहिल्या रकमा मांडल्या. त्यात दोघांचं भाडं होतं आणि थांब्यावरचा चहा होता. बायको खिडकीपाशी बसली होती. अर्ध्या वाटेवर ती म्हणाली, "या वळणानंतर पाण्याची टाकी दिसेल." ती दिसली. तेव्हापासून शाळा येईपर्यंत ती बोलत होती. हिशेबनिसांना आठवत होतं त्याप्रमाणे एवढं सलग ती मुलीच्या लग्नानंतर बोलली नव्हती.

शाळेचा लेखनिक तरुण होता आणि जुन्या नोंदवह्यांवर त्याचा राग होता. त्याने तीन वह्या आपटल्या, चौथीतून धूळ उडाली आणि पाचवीत नाव सापडलं. तो गुण उतरवून घेऊ लागला. भाषा सत्तर. शास्त्र चौसष्ट.

"गणित एक्याण्णव," तो म्हणाला.

"बघा जरा नीट," हिशेबनीस म्हणाले. "ओळ चुकली असेल."

लेखनिकाने वही फिरवून त्यांच्यासमोर धरली. ओळ चुकली नव्हती. हिशेबनिसांनी बोट ठेवून आडवं वाचलं, मग उभं वाचलं.

"तू कधी बोलली नाहीस," परतीच्या बसमध्ये ते म्हणाले.

"बोलले होते. तेव्हा तुम्ही बेरीज करत होतात."

त्यानंतर लग्नाआधीच्या आणि नंतरच्या नावाचं प्रतिज्ञापत्र झालं. त्यासाठीच्या कचेरीत दोन साक्षीदार लागले, म्हणून सर आणि काकू रिक्षाने आले आणि रिक्षाचं भाडं छोट्या वहीत आलं. प्रतिज्ञापत्र लिहिणाऱ्याने 'सदर महिला आणि सदर महिला या एकच महिला आहेत' असं वाक्य टाइप केलं, आणि काकूंनी ते वाचून सही करण्यापूर्वी बायकोकडे खालपासून वरपर्यंत पाहून एकदा खात्री करून घेतली. सरांना मात्र त्या वाक्यात एक स्वल्पविराम हवा होता. स्वल्पविरामासाठी नवा कागद लागला.

सगळी कागदपत्रं घेऊन हिशेबनीस खिडकीवर गेले. बायकोचा अर्ज बाईंनी मिनिटभरात पुरा केला. मग त्यांनी हिशेबनिसांची गुणपत्रिका उचलली. ती जपून ठेवलेली होती, चार घड्यांची. आणि नशीब असं की एक घडी बरोबर गणिताच्या आकड्यावरून गेली होती.

"हे चव्वेचाळीस आहे की एकोणपन्नास?"

"एकोणपन्नास," हिशेबनीस म्हणाले. "मला कळणार नाही का?"

बाईंनी कागद उजेडाकडे धरला. मागे उभ्या असलेल्या दोघांनीही माना पुढे काढून मत दिलं. एक म्हणाला चव्वेचाळीस, दुसरा म्हणाला तो शिक्क्याचा डाग आहे. बाईंनी ठरवलं की परीक्षा मंडळाकडून खरी नकल आणावी.

मंडळाच्या कचेरीत अकरा दिवस गेले. त्यातले चार दिवस तर फक्त असं सांगण्यात गेले की ज्यांच्याकडे कपाटाची किल्ली आहे ते रजेवर आहेत. बाराव्या दिवशी नकल मिळाली. हिशेबनिसांनी ती जिन्यात उभं राहून उघडली. चव्वेचाळीस होते.

ते जिन्याच्या कठड्याला टेकले. नोकरीच्या मुलाखतीत त्यांनी एकोणपन्नास सांगितले होते. लग्न ठरताना सासऱ्यांनाही एकोणपन्नासच सांगितले होते. मुलीला गणितात बेचाळीस पडले तेव्हा 'माझ्याहून सात कमी' म्हणून तिला ते बोलले होते. एवढ्या वर्षांच्या व्यवहारात पाचाची चूक बसली होती आणि ती कुणाच्याही नजरेला आली नव्हती. ताळेबंदातल्या अकराच्या वेळी निदान फरक सापडला की सुटका होती. इथे फरक सापडला आणि त्यासरशी दारच बंद झालं.

घरी आल्यावर त्यांनी नकल टेबलावर ठेवली. बायकोने ती पाहिली, पुन्हा घडी घातली, आणि भाताला किती वेळ लागेल ते सांगितलं. त्याबद्दल हिशेबनीस मनातून तिचे आभारी होते, पण ते त्यांनी दाखवलं नाही.

काकूंनी धीर दिला. "एकाच मार्काने गेलंय म्हणजे काहीच नाही. आमचा मुलगा चौदाने जायचा."

पण दार अगदीच बंद नव्हतं. प्रौढ अर्जदारांसाठी गणिताची एक पात्रता चाचणी असे. ती पास झाल्यास पंचेचाळीसची अट माफ होई. खिडकीवरच्या बाईंनी दोन प्रवेशपत्रं दिली.

"दोन कशाला?" हिशेबनिसांनी विचारलं. "त्यांना एक्याण्णव आहेत."

"जोड-अर्ज," बाई म्हणाल्या. "एकाला चाचणी, तर दोघांना चाचणी."

चाचणीच्या सकाळी दोघं एकाच बसने गेले. हिशेबनिसांनी चार टोकदार पेन्सिली घेतल्या होत्या आणि त्यातल्या दोन बायकोला दिल्या. चाळीस प्रश्न होते आणि वेळ पाऊण तास. पहिला प्रश्न बेरजेचा होता. हिशेबनिसांनी ती वरून खाली केली, मग खालून वर केली, मग उत्तरावर बोट ठेवून क्षणभर थांबले. पेढीवर बसणारा माणूस असंच करतो. दुसराही तसाच सोडवला. सातव्या प्रश्नात त्यांचं उत्तर दिलेल्या चार पर्यायांपैकी एकाशीही जुळेना. त्यांनी तो तीनदा केला. पर्याय चुकले आहेत याबद्दल शंका उरली नाही. दुसरा कुणी पुढे गेला असता. हिशेबनिसांनी समासात बारीक अक्षरांत परीक्षकांना पाच ओळींची टीप लिहिली, बरोबर उत्तर कसं येतं ते मांडून दाखवलं आणि खाली तारखेसह सही केली. मान वर केली तेव्हा वीस मिनिटं गेली होती. दोन रांगा पुढे बायको पेपर परत द्यायला उभी राहत होती. 'पेन्सिलीचं टोक मोडलं असेल बिचारीचं,' असं त्यांच्या मनात आलं.

घंटा झाली तेव्हा ते चौदाव्या प्रश्नावर होते. चौदापैकी चौदा बरोबर होते, हे इथे नोंदवून ठेवायला हवं, सातव्यासकट.

यादी आठवड्याने लागली. काचेच्या फळ्यामागे तीन कागद होते. हिशेबनीस यादी खालून वर वाचत गेले, कारण वाईट बातमी आधी संपवावी असं त्यांना वाटलं. त्यांचं नाव नव्हतं. वर, तिसऱ्या क्रमांकावर, बायकोचं होतं. त्यांनी जोड-अर्जाबद्दल विचारायला खिडकी गाठली.

"यादी लागली की टाचणी सुटते," बाई म्हणाल्या. यावेळी त्यांचा आवाज जरा मऊ होता. "त्यांना प्रवेश आहे. फी शुक्रवारी चारपर्यंत."

कारखान्यात धाकट्या मालकांनी खांद्यावर हात ठेवला आणि 'होतं असं' म्हणाले. सोमवारी मुख्य हिशेबनीस म्हणून एक पदवीधर मुलगी रुजू झाली. मुलगी सरळ होती. तिने पहिल्याच दिवशी आपली खुर्ची हिशेबनिसांच्या शेजारी ओढून घेतली आणि 'काका, हे कुठे टाकू?' असं अकरा वेळा विचारलं. हिशेबनिसांनी अकराही वेळा सांगितलं. टेबलावरची नवी 'सहायक' पाटी त्यांनी फाइलींच्या गठ्ठ्यामागे सरकवली होती, ती साफसफाई करणाऱ्या बाईंनी पुसून पुन्हा पुढे ठेवली.

घरी तीन दिवस या विषयावर कुणी काही बोललं नाही. बायको सकाळी चष्म्याच्या दुकानात जात होती, दुपारी येत होती. बुधवारी संध्याकाळी हिशेबनिसांनी छोटी वही टेबलावर उघडली.

"दोनशे वाचवण्यासाठी," ते म्हणाले, "आजवर पाच हजार सातशे वीस खर्च झालेत."

"बरं."

"आता तू प्रवेश घेतला नाहीस, तर ते सगळे बुडीत खाती जातात. घेतलास, तर ते शिक्षणाच्या खर्चात दाखवता येतात. माझ्या फीसाठी बाजूला काढलेले पैसे आहेतच. तेव्हा हिशेबाच्या दृष्टीने पाहिलं तर..."

बायकोने वही मिटवली. जोरात नाही, पण त्यांचं बोट आत असताना.

"हिशेबाच्या दृष्टीने मला नाही जायचं," ती म्हणाली. "दोनशे वाचतात म्हणून अर्ज टाकलात. टाचणी लागली म्हणून शाळेत नेलंत. तुमची चाचणी होती म्हणून मी बसले. आता पैसे बुडू नयेत म्हणून मी तीन वर्षं कॉलेजात जाऊ? एकदा तरी नीट विचारा की हो."

"काय विचारू?"

"ते तुम्हीच ठरवा."

हिशेबनिसांनी बोट सोडवून घेतलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. विचारायचा प्रश्न दोन शब्दांचा होता आणि तरी तो बाहेर यायला वेळ लागला. कारण त्याचं उत्तर 'हो' आलं, तर या घरात पदवीच्या रकान्यात काही लिहिता येणारं माणूस ते स्वतः नसणार होते. हे त्यांना पुरतं दिसत होतं. आकडेमोड करणाऱ्याला शेवटची ओळ आधीच दिसते.

"तुला शिकायचंय?"

"हो," बायको म्हणाली. "मला फार शिकायचंय."

"मग पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं, तर तुम्ही फीचा तक्ता घेऊन बसला असतात. मी म्हटलं, आधी दोनशे वाचवू दे ह्यांना."

हिशेबनीस हसले नाहीत. पण त्या रात्री ते भात दुसऱ्यांदा मागून जेवले, एवढं खरं.

शुक्रवारी हिशेबनिसांनी अर्धी रजा घेतली आणि दोघं निघाले. प्रवेशपत्राबरोबर फीचा तक्ता आला होता आणि बसमध्ये तो हिशेबनिसांच्या हाती लागला, हे वाईट झालं. शिक्षण शुल्क छत्तीस हजार. नोंदणी दीड हजार. पात्रता आठशे. ग्रंथालय दोन हजार दोनशे. संगणक तीन हजार चारशे. परीक्षा दोन हजार सातशे पन्नास. क्रीडा सहाशे. ("तू काय खेळणार आहेस?" त्यांनी विचारलं. "बघू," बायको म्हणाली.) ओळखपत्र दीडशे. विद्यार्थी कल्याण पाचशे. विविध सातशे दहा. आणि खाली, दुहेरी रेघेवर, एकूण अठ्ठेचाळीस हजार सहाशे पन्नास.

पाचव्या थांब्यापर्यंत त्यांनी बेरीज तीनदा केली होती. ती अठ्ठेचाळीस हजार सहाशे दहा येत होती.

"चाळीसचा फरक आहे," ते उतरताना म्हणाले, आणि त्यांच्या चालण्यात महिनाभरात पहिल्यांदा जोर दिसला.

फीच्या काचेमागे एक रोखपाल होता. त्याच्यासमोर हिशेबनिसांनी बरोबर सहाशे दहा धरून रक्कम ठेवली आणि तक्ता लाल पेन्सिलीने खुणा करून दाखवला.

"पावती सहाशे पन्नासचीच निघते," रोखपाल म्हणाला.

"पण बेरीज सहाशे दहा होते."

"बेरीज मशीन करतं."

"मशीनला कुणी शिकवली?"

"इथे शिकवत नाहीत, इथे फी घेतात," रोखपाल शांतपणे म्हणाला. "शिकवतात ते दुसऱ्या मजल्यावर."

बायकोला रांगेत उभं करून हिशेबनीस दुसऱ्या मजल्यावर गेले. हिशेबशास्त्राचे विभागप्रमुख खिडकीपाशी पेपर तपासत होते. त्यांनी तक्ता घेतला, ओठ हलवत बेरीज केली आणि मान डोलावली.

"तुमचं बरोबर आहे. चाळीस जास्त आहेत. सहा वर्षं जास्त आहेत ते, मी पाहतोय."

"मग?"

"तक्ता कार्यालयाचा असतो हो. आमचा विभाग हिशेब शिकवतो, करत नाही."

हिशेबनीस खाली आले तेव्हा चाराला आठ मिनिटं कमी होती. बायको काचेपाशी पोचली होती. तिच्यामागे वीसेक माणसं होती आणि ती सगळी हिशेबनिसांकडे पाहत होती. रोखपालाने टेबलावरचं 'बंद' लिहिलेलं लाकूड हाताशी घेऊन ठेवलं होतं.

एका बाजूला सहा वर्षं चुकत आलेली बेरीज होती. तिला आज कुणी अडवलं नाही, तर ती सातव्या वर्षीही चुकणार होती. आणि दुसऱ्या बाजूला बायको होती. तिने नवी वही आणली होती, ती पिशवीतून अर्धी बाहेर आली होती. घड्याळाकडे ती पाहत नव्हती. पाहायचं नाही असं ठरवून पाहत नव्हती.

हिशेबनिसांनी पाकिटातून चाळीस काढले. नोटा धरलेला हात काचेच्या भोकापाशी थबकला.

"हे कशाबद्दल दिले म्हणून लिहू मी?" ते कुणालाच उद्देशून नव्हे असं म्हणाले.

"माझ्या नावावर लिहा," बायको म्हणाली, आणि त्यांच्या हातातून नोटा घेऊन तिनेच आत सरकवल्या.

पावती निघाली. रोखपालाने एक कागद पुढे केला. "इथे पालकांची सही. विद्यार्थिनीशी नातं पण लिहा." हिशेबनिसांनी सही केली आणि नात्याच्या रकान्यात जरा विचार करून 'पती (सहायक)' असं लिहिलं. रोखपालाने ते वाचलं आणि शिक्का मारला.

कॉलेज सुरू झालं. काकूंनी मुलाची सात वर्षांपूर्वीची पुस्तकं आणून दिली. ती अगदी कोरी होती. सरांनी निळी शाई दिली. संध्याकाळी साडेपाचला बायको बसने जाई आणि हिशेबनीस कामावरून येऊन भात लावत. पहिले दोन आठवडे भात लागला, मग जमला.

महिना झाला असेल. रविवारी सकाळी ती टेबलापाशी बसून अभ्यास करत होती आणि ते समोर बसून शेंगा सोलत होते.

"अहो, मालकाने धंद्यात घातलेलं भांडवल आपण देण्याच्या बाजूला का लिहितो?" तिने विचारलं.

"तिथेच लिहितात."

"पण का? पैसे तर आलेत. आलेले पैसे देणं कसं?"

"तसंच असतं गं ते. एकोणतीस वर्षं तसंच लिहितोय मी."

"असं उत्तर लिहिलं तर मला शून्य मिळेल," ती म्हणाली आणि पानं उलटू लागली. तिला सापडलं. तिने बोट ठेवून वाचलं, मग मान वर करून आपल्या शब्दांत सांगितलं. "हे बघा. धंदा वेगळा आणि मालक वेगळा. वही मालकाची नसतीच मुळी, वही धंद्याची असते. मालकाने पैसे घातले, म्हणजे धंदा त्याचं देणं लागतो. बस, तेवढंच. मालक त्या वहीत एक बाहेरचा माणूस असतो."

हिशेबनिसांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"बाहेरचा?"

"पुस्तकात तसंच दिलंय."

"थोरलेही? धाकटेही?"

"सगळेच मालक."

त्यांनी शेंग सोलून दाणे वाटीत टाकले.

"म्हणजे एवढी वर्षं," ते सावकाश म्हणाले, "मी त्यांची नाही, धंद्याची वही लिहीत होतो."

"हो की."

हिशेबनीस खुर्चीत सरळ होऊन बसले आणि त्यांनी वाटी बाजूला सारली.

"पुढचं वाच," ते म्हणाले. "जरा हळू वाच."